आमच्या संस्थेचा आरोपी

आमच्या संस्थेत पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, तुरुंगाचे कर्मचारी आणि सुटून आलेल्या कैद्यांना कामाला लावणारे पुनर्वसन अधिकारी अशा सगळ्यांना प्रशिक्षण मिळायचं. म्हणजे माणसाला पकडण्यापासून त्याला सोडून दिल्यावर काय करायचं इथपर्यंत सगळं एकाच इमारतीत शिकवलं जायचं. नव्हता तो फक्त माणूस. फळ्यावर एक गोल काढायचे, त्याला हातपाय जोडायचे आणि खाली लिहायचे, 'आरोपी'. वर्षानुवर्षं तेवढ्यावर भागलं.

मग निधी आला. संचालकसाहेब दिसेल तिथे अर्ज करायचे, त्यामुळे हा कुठल्या अर्जाचा निधी हे त्यांनाही नीट आठवेना. देणाऱ्यांची अट मात्र स्पष्ट होती. प्रशिक्षण जिवंत हवं. एकच गुन्हा, एकच आरोपी, आणि अटकेपासून सुटकेपर्यंत सगळ्यांनी त्याला पाळीपाळीनं हाताळायचं. मंजूर निधीत पडद्यांची तरतूद होती, बॅगांची होती, पाहुण्यांच्या पुष्पगुच्छांची होती. आरोपीची नव्हती.

यावर बैठक बसली. मी संस्थेचा स्टोअरकीपर, पडद्यांमुळे मलाही बोलावलं होतं. कोणाला काही सुचेना. तेवढ्यात शिपाईकाका चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

काका अंगानं काटकुळे, कान मोठे, मिशी पेन्सिलीनं काढल्यासारखी. आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेला माणूस नव्हे. इतके लोक बघतायत म्हटल्यावर त्यांना वाटलं चहात साखर घालायची राहिली.

"कधी चोरी केली आहे का?" संचालकसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी लागलेल्या नाहीत. नव्यानं शिकवता येईल."

"काय करायचं असतं?" काकांनी विचारलं.

"फार काही नाही. फक्त चोरी करायची. पुढचं सगळं आम्ही बघतो."

काकांनी ट्रे खाली ठेवला आणि मान डोलावली. त्या दिवसापासून ते 'आरोपीकाका' झाले.

चोरायचा होता माझ्या स्टोअरमधला टेबलफॅन, आणि फिर्यादी मी. पहिल्या बॅचच्या वेळी काकांनी दारावर टकटक केली. "स्टोअरसाहेब, आत येऊ का? पंखा चोरायचा होता."

"जरा थांबा," मी म्हटलं, "एवढं गठ्ठ्याला दोरी बांधून होऊ दे, मग तिकडे बघतो."

ते थांबले. मी भिंतीकडे तोंड केलं, त्यांनी पंखा उचलला. वायर गुंडाळायची राहिली होती. ती मागे लोळत गेली आणि प्लग जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खट् खट् आपटत राहिला. शिकाऊ पोलिसांनी त्या आवाजाचा माग काढत काकांना सायकल स्टँडपाशी धरलं. तपासाची ही पद्धत पुढे उत्कृष्ट ठरवली गेली.

अटक झाली, पंचनामा झाला, चौकशी झाली. काकांनी पहिल्या प्रश्नालाच कबुली दिली. तेव्हा प्रशिक्षक म्हणाले, "इतक्या लवकर नाही हो. चार जणांना प्रश्न विचारायचे आहेत अजून." मग काका चौथ्यापर्यंत कळ काढायला शिकले. सभागृहात न्यायालय भरायचं, शिक्षा व्हायची. वसतिगृहाच्या मागच्या दोन खोल्यांना गज बसवून तुरुंग केला होता, तिथे काका जायचे. शेवटी सुटका झाली की पुनर्वसन अधिकारी त्यांना समोर बसवून विचारायचे, "तुम्हाला कोणतं काम जमेल?"

"चहा देता येतो. फाइली पोचवता येतात."

अधिकारी चौकशी करायचे आणि काकांना आमच्याच संस्थेत शिपायाची नोकरी मिळवून द्यायचे. टाळ्या पडायच्या. पुढची बॅच आली की काका पुन्हा पंखा चोरायचे. संचालकसाहेबांनी यातून दोन आकडे काढले होते. आमचा एकूण एक कैदी कामाला लागतो, हे ते अहवालात लिहायचे. आणि आमचा एकूण एक कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळतो, हे पुढच्या निधीच्या अर्जात. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींवर पैसे मिळायचे.

अडचण आली ती चहाची. काका आत गेले की चहा द्यायला कोणी उरायचं नाही. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांचं डोकं चढलं. मग तोड निघाली: सकाळ-दुपार चहाच्या वेळी काकांना पॅरोलवर सोडायचं. पुढे ट्रे घेऊन काका आणि मागे दोन शिकाऊ रक्षक अशी वरात प्रत्येक वर्गात फिरायची. रक्षकांना पळून जाणाऱ्या कैद्यावर नजर ठेवायचा सराव होता, काकांना चहा सांडू न द्यायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मध्यंतरी पंखा उचलता उचलता काकांच्या कमरेत उसण भरली आणि डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. तेव्हापासून चोरी प्रत्यक्ष करणं बंद झालं. सोमवारी दुपारी चोरी झाली असं धरून चालायचं, आणि मी ठरल्या वेळी बाहेर येऊन ओरडायचं, "माझा पंखा गेला हो!" पंखा आत चालूच असायचा. उकाड्यात तो बंद कोण करणार?

काकांच्या घरी मात्र हे प्रकरण धरून चालण्याइतकं सोपं नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हॉस्पिटलात आया होत्या. कैद्याची भेट हा विषय शिकवायला नातेवाईक लागायचा, म्हणून दर बॅचला त्या डबा घेऊन यायच्या. शिकाऊ रक्षक डबा उघडून भाजीत चमचा फिरवून बघायचे. वहिनी म्हणायच्या, "अरे बाबांनो, भाजीत काय करवत लपवू? बघा, पण चिवडू नका!" काकांच्या सासूबाईही त्यांच्याकडेच राहायच्या. हे सगळं खोटं-खोटं असतं हे त्यांना वहिनींनी कितीदा तरी सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "असेल बाई. पण इतक्या वेळा शिक्षा झाली म्हणजे काहीतरी केलंच असणार."

आणि शिकून गेलेली माणसं गावभर पसरली होती. भाजी घेताना मागून एखादा फौजदार यायचा आणि हाताच्या सवयीनं काकांचं मनगट धरायचा. मग ओळख पटायची. "अरे, तुम्ही होय! तुमच्यावरच तर शिकलो!" असं म्हणत तो कडक सॅल्यूट ठोकायचा. पण तोवर भाजीवालीनं पिशवी मागे ओढलेली असायची.

हळूहळू काकांनाच काहीतरी झालं. कुठे काही हरवलं की त्यांना घाम फुटायला लागला. एकदा घरी चष्मा सापडेना. सासूबाईंचा चष्मा, त्यांच्याच डोक्यावर होता. सगळे शोधतायत आणि काका कोपऱ्यात उभे राहून म्हणाले, "मीच घेतला. जबाब लिहून घ्या." वहिनींनी कपाळाला हात लावला. त्यांनी नंतर मला फाटकाशी गाठलं.

"भावजी, तुमच्या साहेबांना सांगा ना. एकदा, एकदाच यांना निर्दोष सोडा म्हणावं. दर वेळी काय शिक्षा? माणूस आतून खचतोय."

मी संचालकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोडलं तर तुरुंगवाले कोणावर शिकणार? भिंतींवर?"

मग ती बॅच आली, ज्यात वकीलबाई होत्या. पन्नाशी उलटलेल्या, मुलं मार्गी लागल्यावर पुन्हा वकिली सुरू केलेल्या. कुठल्याशा शिष्यवृत्तीतून त्यांना या प्रशिक्षणात जागा मिळाली होती. आरोपीतर्फे उभं राहायचं काम कोणाला नको असायचं, कारण निकाल सगळ्यांना माहीत असायचा. ते बाईंच्या गळ्यात पडलं. बाईंना निकाल कोणी सांगितलाच नाही, की त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कोण जाणे. त्या खुर्ची घेऊन कोठडीच्या गजांपाशी बसल्या. मी तिथे बल्ब बदलत होतो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "चोरी झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

काका बुचकळ्यात पडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. 'पंखा कुठे लपवलास' इथूनच सगळ्यांची सुरुवात व्हायची.

"सोमवारी दुपारी ना ताई? सोमवारी मी सभागृहात होतो. उद्घाटनाचं भाषण चालू होतं. माईकचा स्टँड मोडलाय, म्हणून मी माईक हातात धरून उभा होतो."

"कोणाचं भाषण?"

"न्यायाधीशसाहेबांचं. लांबलं होतं बरंच."

"मग तुम्ही कबुली का दिलीत?"

काका ओशाळले. "जेवणाची वेळ झाली होती, ताई. पोलीसही उपाशी होते."

दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं. संचालकसाहेब पहिल्या रांगेत, कारण निधीवाले पाहुणे गुरुवारी येणार होते आणि सगळं वेळेत उरकायचं होतं. मी नेहमीप्रमाणे माझी साक्ष दिली. पंखा गेला, फार हळहळ वाटली, वगैरे. वकीलबाई उठल्या.

"तुमचा पंखा आत्ता कुठे आहे?"

असं काही विचारायची पद्धत नव्हती. मी शपथ घेतली होती, म्हणून म्हणालो, "स्टोअरमध्ये."

"चालू स्थितीत?"

"हो. म्हणजे इकडे येताना बंद करायचा राहिला. चालूच असेल."

"मग चोरीला काय गेलं?"

मी संचालकसाहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. शेवटी मी म्हणालो, "तसं पाहिलं तर काही नाही."

"आता मला बचावाचा साक्षीदार बोलवायचा आहे," बाई म्हणाल्या. "माननीय न्यायाधीशसाहेब."

सभागृहात कुजबुज झाली. न्यायाधीश म्हणून बसलेले गृहस्थ स्वभावानं सरळ होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मी साक्षीदार असेन तर मला इथे बसता येणार नाही." ते खाली उतरले. त्यांच्या जागी पहिल्या रांगेतून दुसऱ्या एक न्यायाधीशबाई वर जाऊन बसल्या. उतरलेले न्यायाधीश पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली.

"सोमवारी दुपारी भाषण करताना तुमच्यासमोर माईक कोणी धरला होता?"

"या आरोपीनं."

"मध्ये कुठे गेला होता?"

"कुठेही नाही. मला दोन वेळा वाटलं, याचा हात भरून आला असेल. पण मुद्दे बाकी होते."

सरकारी वकिलांनी उलटतपासणीला नकार दिला. न्यायाधीशांना खोटं पाडायचं कसं हे पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. नव्या न्यायाधीशबाईंनी कागद पुढेमागे केले आणि म्हणाल्या, "गुन्हा घडलाच नाही, आणि घडला असता तरी यांनी केला नसता. निर्दोष मुक्तता."

काका पिंजऱ्यातच उभे. रक्षक डाव्या दाराशी साखळी घेऊन तयार. त्यांनाही काही कळेना. काकांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, म्हणजे आता मी कुठल्या दारानं जायचं?"

"तुम्हाला वाटेल त्या."

त्यांनी डाव्या आणि समोरच्या दाराकडे आळीपाळीनं पाहिलं. डोळे भरून आले होते, ते बाहीनं पुसले, कारण रुमाल पोलिसांनी जप्त केला होता. मग समोरच्या मोठ्या दारानं ते बाहेर पडले, ज्यातून फक्त पाहुणे ये-जा करायचे.

वहिनी तुरुंगापाशी बाकावर बसल्या होत्या. रक्षक डब्यात चमचा घालून उभा. काका एकटेच, मोकळ्या हातानं चालत येताना बघून त्या घाबरल्या. "पळून आलात का काय?"

"सुटलो. निर्दोष."

"थट्टा नको हं."

"अगं, खरंच. वाटेल त्या दारानं जा म्हणाल्या."

वहिनींनी मागोमाग आलेल्या माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तेव्हा त्यांनी रक्षकाच्या हातून डबा काढून घेतला, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आमचा माणूस सुटलाय. आता डब्याला हात लावायचा नाही." दोघं झाडाखाली जाऊन जेवले. रक्षक दुरून बघत राहिले. सासूबाईंना घरी जाऊन सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "मग चोरी कोणी केली?"

इकडे संस्थेत हाहाकार माजला. तुरुंगवाले रिकाम्या गजांसमोर बसून होते. पुनर्वसनवाल्यांच्या हाती देण्यासारखी नोकरी होती पण घ्यायला कोणी नव्हतं. पाहुणे तोंडावर आले होते. संचालकसाहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

"हे बघा, झालं ते झालं. आता पटकन दुसरी चोरी करून टाका."

"नाही साहेब," काका म्हणाले.

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"नाही म्हटलं. मी निर्दोष आहे."

"अहो, पहिली चोरी निर्दोष माणसंच करतात!"

"ते असेल साहेब. पण मी नाही करणार." असं म्हणून त्यांनी टेबलावरचे रिकामे कप उचलले आणि बाहेर गेले.

साहेबांनी हात टेकले. मग त्यांची नजर हळूहळू माझ्याकडे वळली. मला ती ओळखीची वाटली. बैठकीत ट्रे घेऊन आलेल्या काकांकडे सगळ्यांनी असंच पाहिलं होतं.

"चोरी झालीच नाही," साहेब म्हणाले, "म्हणजे तुमची फिर्याद खोटी. खोटी फिर्याद देणं हा गुन्हाच आहे."

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ओरडायला!"

"तसा पुरावा आहे का?"

अर्ध्या तासात शिकाऊ पोलिसांनी मला स्टोअरमधून उचललं. पंखाही जप्त केला, चालू स्थितीत. मी वकीलबाईंकडे निरोप पाठवला. त्या येऊन भेटल्या, अगदी मायेनं बोलल्या, पण म्हणाल्या, "भाऊ, तुमची केस मला घेता येणार नाही. तुम्हाला खोटं मीच पाडलंय." मला जो वकील मिळाला तो माझ्या सुनावणीत झोपला होता. मला शिक्षा झाली.

गुरुवारी पाहुणे आले. त्यांना सगळी हकिगत सांगितल्यावर ते भारावूनच गेले. निरपराध माणूस कसा अडकतो आणि खोटी फिर्याद कशी उघडी पडते, हे इतकं जिवंत त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं. त्यांनी यासाठी वेगळा निधी जाहीर केला. गजांतून माझ्याशी हस्तांदोलन करत त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तुमचा पश्चात्ताप चेहऱ्यावर दिसतो." तो उकाडा होता.

संध्याकाळी काका चहा घेऊन आले. गजातून कप दिला, स्टूल ओढून समोर बसले.  मग म्हणाले, "स्टोअरसाहेब, उजवीकडच्या भिंतीला टेकू नका, ओल आहे. आणि पुढच्या वेळी चौकशीत लगेच कबूल होऊ नका, पण फार ताणूही नका. त्यांचा तास संपला की त्यांनाही घरी जायचं असतं."

"तुम्हाला राग नाही आला कधी? इतकी वर्षं?"

"राग कसला? पण एक व्हायचं. रात्री उशिरा घरी सोडलं तरी वाटायचं, उद्या पुन्हा आत जायचंय म्हणजे मी केलंच असेल काहीतरी. कमरेचं जसं, याचंही तसंच. सवय होते नि मग दुखतंय हे कळत नाही." ते उठले. "चला, पाच वाजले. आज आम्ही दोघं बाजारात जाणार आहोत. कप बाहेर ठेवा, सकाळी नेईन."

आणि ते गेले. बॅच चालू असताना तुरुंगासमोरून पाच वाजता घरी जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

माझी शिक्षा संपल्यावर पुनर्वसन अधिकाऱ्यांनी मला विचारलं, कोणतं काम जमेल. मी म्हणालो, स्टोअर सांभाळता येतं. टाळ्या पडल्या. पुढच्या बऱ्याच बॅचना आरोपी मीच होतो. काकांना संचालकसाहेबांनी 'आरोपी-प्रशिक्षक' हे पद देऊ केलं, वर भत्ता. काका म्हणाले, "नको साहेब, मी चहाचं बघतो." निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेवढंच पाहिलं.

मध्ये एकदा वहिनी बसथांब्यावर भेटल्या. चेहरा खुललेला. "भावजी, काल काय झालं माहीत आहे? भाजी वाढायला गेले तर चक्क नको म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाटायचं यांना माझी ती भाजी आवडते!"

"मग काय केलंत?"

"काय करणार? दुसरी केली," त्या म्हणाल्या, आणि बस आली तशी हसत हसत चढून गेल्या.